बेस खाली आणायचा, की बँड सोडायचा?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 31 वर्षांच्या असून चार वर्षांपासून चौघांच्या एका पोस्ट-पंक (पंक रॉकमधून पुढे निघालेली शैली) बँडमध्ये बेस गिटार वाजवतात. बेस त्यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कोणाकडेही न शिकता हातात घेतला. पिकने (तार छेडण्याच्या चकतीने), स्वर डुलता करणारे कोरस पेडल लावून, बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूपट्टीच्या, आसपास उंच स्वरांत वाजवलेल्या त्यांच्या सुरावटी हीच बँडची ओळख आहे, असे ऐकणारे सांगतात. अलीकडे एका परीक्षणात मात्र ‘हा बेस चाळीस वर्षांपूर्वीच ऐकून झाला आहे’ असे वाक्य आले आणि ते त्यांच्या मनात सलते आहे. बँडची नवी गाणी अधिक वेगवान आहेत, आणि पूर्वी वरच्या पट्टीत गाणारा गायक त्यांत गाण्याऐवजी बोलतो. या गाण्यांसाठी गिटारवादक त्यांना ‘खाली ये, नुसते मूळ स्वर (कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगटाचे, पायाचे स्वर) सरळ वाजव’ असे सांगतो, ड्रमरची त्याला संमती आहे, आणि गायकाने तोडगा म्हणून खालचे स्वर सिंथेसायझरवर ठेवण्याचे सुचवले आहे. या तालमींनंतर त्यांचे डावे मनगट आणि उजवा हात कोपरापर्यंत दुखतो. त्या विचारतात: ‘जे कोणीही वाजवू शकेल ते मी का वाजवावे? मुकाट्याने ऐकावे, भांडावे, की बँड सोडावा?’

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘खाली’ या एकाच शब्दापाशी अडखळले. गिटारवादकाने तो शब्द वापरला तेव्हा त्याच्या मनात बहुधा खर्जातले स्वर होते. तुम्ही तो वापरता तेव्हा मात्र त्यात पुढच्या रांगेतून उठवून मागे बसवल्याची भावना आहे. ‘खाली ये’ हे तुम्ही ‘मागे हो’ असे ऐकले आहे. तसे ऐकू येण्यामागे चार वर्षांची मेहनत आहे हे मी समजू शकते, आणि तुमच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट फारशा हळुवारपणे सांगितलेली दिसत नाही. तरीही मानापमानाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून आधी आवाजाचा प्रश्न पाहू, कारण तुमचे निम्मे भांडण माणसांशी नसून आवाजाच्या जागेशी आहे, असे मला वाटते.

बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते आणि सर्वांत बारीक तार 98 वेळा. त्या बारीक तारेवर बाराव्या फ्रेटशी बोट ठेवले की हा आकडा 196 होतो, आणि आणखी वर सरकत एकोणिसाव्या फ्रेटपर्यंत गेले की 294च्या आसपास पोहोचतो. आता गिटार पाहा: तिची सर्वांत जाड तार सुरू होते तीच मुळी 82 पासून. पुरुषाच्या साध्या बोलण्याचा सूरही साधारणपणे 85 ते 180 या पट्ट्यात फिरतो. म्हणजे तुम्ही बाराव्या फ्रेटच्या वर जाऊन सुरावट रचता तेव्हा गिटारच्या खालच्या तारा, गायकाचा आवाज आणि तुमचा बेस असे तिघेही एकाच खोलीत दाटीवाटीने उभे असता, आणि 80च्या खालचा सगळा मजला रिकामा पडतो. तिथे पायाने वाजवायचा किक ड्रम तेवढा उरतो, पण त्याचा ठोका क्षणात विरतो आणि दोन ठोक्यांच्या मधे पायाखाली काहीच राहत नाही. जुन्या गाण्यांत ही अडचण जाणवली नसेल, कारण तिथे गायक वरच्या पट्टीत होता. आता तो बोलू लागला आहे, म्हणजे उतरून तुमच्याच खोलीत आला आहे. गर्दी तुमच्यामुळे झालेली नाही. पण ती झाली आहे, आणि गिटारवादकाच्या कानाला तीच खटकते आहे.

मलाही हे सहजासहजी पटले नव्हते. मी अकरा वर्षे बेस वाजवला, आणि त्यातल्या एका गाण्यात मला एक वरची सुरावट इतकी प्रिय होती की तिला हात लावायला मी कोणालाच तयार नव्हते. एका तालमीत गाण्याच्या ऐन मध्यावर बेसच्या पट्ट्याचे टोक खुंटीवरून निसटले. डाव्या हाताने बेस छातीशी दाबून धरायचा आणि उजव्या हाताने जमेल ते वाजवायचे, एवढेच शक्य होते, म्हणून सुरावट सोडून मी दुसरी जाड तार मोकळी, एकाच लयीत छेडत राहिले. आठ आवर्तने तशीच गेली. गाणे संपल्यावर आमच्या गायिकेने विचारले, ‘आज माझे शब्द मलाच इतके स्वच्छ कसे ऐकू आले?’ मला त्या क्षणी आनंद मुळीच झाला नाही. आपल्या वाजवण्याऐवजी आपल्या न वाजवण्याचे कौतुक होते आहे, असेच वाटले. पुढे तालमीचे ध्वनिमुद्रण शांतपणे ऐकले तेव्हा कळले की आठ आवर्तनांनंतर मी पुन्हा वर गेले तेव्हा तीच जुनी सुरावट पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ‘आली’ अशी ऐकू येत होती. तोवर ती सुरुवातीपासूनच चालू असे, त्यामुळे तिला येण्यासाठी जागाच नव्हती.

आता त्या परीक्षणाकडे वळू. ते वाक्य मनाला लावून घेऊ नका असे मी म्हणणार नाही. लावून घ्या, पण योग्य ठिकाणी लावून घ्या. पत्रात तुम्ही ‘पोस्ट-पंकचा बेस म्हणजे वर वाजणारा बेस’ असे गृहीत धरले आहे. या समजुतीचा उगम मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनच्या पीटर हूक यांच्यापाशी आहे. 1976च्या जूनमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम पाहून भारावलेल्या या तरुणाने आईकडून 35 पौंड उसने घेऊन पहिला बेस विकत आणला, आणि सोबतचा ॲम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) इतका सुमार होता की बर्नार्ड समनर यांच्या गिटारच्या गदारोळात खालचे स्वर त्यांचे त्यांनाच ऐकू येत नसत. वरच्या तारांवर, वरच्या फ्रेटवर गेले की ऐकू येई. हूक यांनी स्वतःच अनेकदा सांगितलेली हकिकत आहे ही. गायक इयन कर्टिस यांना ते वरचे वाजवणे आवडले, समनर यांची गिटार पातळ होत गेली, ड्रमने मधली जागा सांभाळली, आणि ऐकू न येण्याच्या अडचणीतून निघालेल्या त्या वाटेवर पुढे एक अख्खी शैली उभी राहिली.

पण त्याच 1979 सालात, ज्या साली जॉय डिव्हिजनचा पहिला अल्बम आला, लीड्सच्या गँग ऑफ फोरचा पहिला अल्बमही आला. त्यात डेव्ह ॲलन यांचा बेस नाचाच्या संगीतातून आलेला, तुटक, जागा सोडत चालणारा आहे. त्याच वर्षाअखेरीस लंडनच्या पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’ आला, आणि त्यात जा वॉबल यांचा बेस डब रेगे या जमैकातल्या खर्जप्रधान संगीताच्या मार्गाने थेट तळघरात उतरला आहे; गिटार वर किंकाळ्या फोडते आहे आणि बेस खाली पाय रोवून उभा आहे. एकाच वर्षी, एकाच नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या संगीतात बेस वर गेला, मधे तुटला आणि खाली उतरला. तेव्हा खाली उतरल्याने तुम्ही शैली सोडाल ही भीती निराधार आहे.

परीक्षकाचे वाक्य झोंबले ते या कारणासाठी, असा माझा अंदाज आहे: तुमच्याकडे आज चांगला ॲम्प आहे, खालची तार तुम्हाला स्वच्छ ऐकू येते, मग वर जाण्याचे तुमचे कारण काय? प्रत्येक गाण्यात ते कारण असेलच असे नाही. काही सुरावटी त्या गाण्याला हव्या होत्या म्हणून जन्मल्या असतील आणि काही तो आवाज तुम्हाला प्रिय होता म्हणून. हा फरक बाहेरच्या कोणालाही तुमच्याइतका नेमका कळणार नाही. एकदा एकटीने बसून सगळ्या गाण्यांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक वरच्या सुरावटीपुढे ती कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा. जिथे वाक्य सुचणार नाही तिथे परीक्षकाला काहीतरी ऐकू आले होते, असे समजायला हरकत नाही. जिथे सुचेल ती सुरावट कोणी कितीही काही म्हटले तरी सोडू नका.

या शतकातल्या बँडनी हा वारसा जपला तोही अशीच जागा शोधून. न्यूयॉर्कच्या इंटरपोलच्या 2002च्या पहिल्या अल्बममध्ये कार्लोस डेंगलर यांचा बेस गिटारच्या कॉर्डखालून स्वतंत्रपणे चालतो, मधूनच वर येऊन काही बोलतो आणि पुन्हा उतरतो. तुमच्या नव्या गाण्यांसाठी तर लंडनच्या ड्राय क्लीनिंगचा 2021चा पहिला अल्बम लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे, कारण तिथेही गायिका फ्लॉरेन्स शॉ बहुतांशी बोलतात. आवाज बोलतो तेव्हा गुणगुणण्याजोगी सुरावट देण्याची जबाबदारी गिटार आणि बेसवर येते. हे तुमच्या गिटारवादकाच्या बहुधा लक्षात आलेले नाही. गायक गात होता तोवर सुरावट त्याच्याकडे होती; आता ती कोणाकडे आहे? त्याने तुम्हाला नुसते मूळ स्वर वाजवायला सांगितले आणि स्वतः कॉर्ड खरवडत राहिला, तर चार मिनिटांच्या गाण्यात ऐकणाऱ्याच्या मनात काहीच उरणार नाही. म्हणजे खालचा मजला रिकामा आहे हे त्याचे निदान बरोबर आहे, पण त्याने सांगितलेला उपाय अपुरा आहे, आणि हेच तुम्ही त्याच्या कानावर घालायला हवे.

पुढच्या तालमीत एकच नवे गाणे घ्या आणि ते तीन प्रकारे वाजवण्याची परवानगी मागा. पहिल्यांदा गिटारवादक म्हणतो तसे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाली आणि सरळ. हे वाजवताना हातचे राखू नका. मनाविरुद्ध वाजवलेला बेस ऐकणाऱ्याला लगेच कळतो आणि मग प्रयोगाला अर्थ राहत नाही. दुसऱ्यांदा तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, पूर्ण वर. तिसऱ्यांदा गायक बोलतो तिथे खाली राहा आणि तो श्वासासाठी किंवा ओळ संपवून थांबतो तिथे वर जा. वर जाताना जमल्यास जाड तारांपैकी गाण्याच्या मूळ स्वराशी जुळणारी एक तार मोकळी वाजत ठेवा, म्हणजे सुरावट बारीक तारेवर चालते आणि जमीनही सुटत नाही. गाणे त्या तारेच्या स्वरात बसत नसेल तर सगळ्यांनी मिळून त्याची पट्टी अर्ध्या-एका स्वराने हलवून पाहायला हरकत नाही. आणि त्याच जागी गिटारवादकाने खालच्या तारा सोडून वरच्या दोन-तीन तारांवर जावे, ही मागणी तुम्ही स्पष्टपणे करा. खाली येण्याची अपेक्षा एकट्या तुमच्याकडूनच का?

तिन्ही वेळा ध्वनिमुद्रण करा. फोन कोणाच्याही ॲम्पजवळ न ठेवता खोलीच्या मध्याकडे, पण अगदी मधोमध नाही, माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. यामागेही कारण आहे. 41 कंपनांच्या स्वराची ध्वनिलहर आठ मीटरांहून थोडी अधिक लांब असते, त्यामुळे तालमीच्या लहान खोलीत खालचे स्वर सगळीकडे सारखे ऐकू येत नाहीत. कोपऱ्यात ते फुगतात आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसे होतात. शिवाय बहुतेक बेसवादकांचा ॲम्प त्यांच्या गुडघ्यांशी असतो, आणि गुडघ्यांना कान नसतात. तुम्ही आणि गिटारवादक एकाच गाण्याबद्दल भांडता आहात, पण तुम्ही दोघे वेगवेगळे गाणे ऐकत असण्याची शक्यता मोठी आहे. ॲम्प एखाद्या खुर्चीवर किंवा पेटीवर चढवा, किंवा मागे कलवून त्याचे तोंड तुमच्या कानाकडे करा. ध्वनिमुद्रण त्याच संध्याकाळी ऐकू नका. कान थकलेले असतात आणि मन तापलेले असते.

कोरसबद्दल थोडक्यात. हे पेडल तुमच्या स्वराची किंचित उशिराने येणारी, किंचित डुलणारी दुसरी प्रत त्यात मिसळते. वरच्या स्वरांत ते सुंदर वाटते, पण खर्जात त्या दोन प्रती एकमेकींना खोडत राहतात आणि स्वराची कड मऊ पडते. खाली वाजवताना ते बंद ठेवा, किंवा पेडलवर सोय असेल तर खालचे स्वर त्यातून न जाता कोरडेच पुढे जातील असे करा. यापलीकडे नवे काही विकत घेण्याची गरज नाही.

आता ‘जे कोणीही वाजवू शकेल’ या तुमच्या शब्दांबद्दल. नव्या गाण्यांचा वेग मिनिटाला 150 ठोके असल्याचे तुम्ही लिहिले आहे. प्रत्येक ठोक्याला दोन आघात, सगळे वरून खाली, असे धरले तर सेकंदाला पाच आघात होतात आणि साडेतीन मिनिटांच्या गाण्यात एक हजार पन्नास. ते सगळे सारख्या जोराचे, सारख्या लांबीचे, ड्रममधल्या हाय-हॅट या झांजांच्या नेमके सोबत पडले तर गाणे जमिनीपासून चार बोटे वर चालते. एखादा सैल पडला तर ऐकणाऱ्याला काय बिघडले ते सांगता येत नाही, पण गाणे खचते. स्वर कधी सुरू होतो याइतकेच तो कधी थांबतो हेही महत्त्वाचे आहे. एक प्रयोग करा: तारेखाली ब्रिजच्या (तारा टेकतात त्या बुडाच्या पट्टीच्या) जवळ स्पंजचा छोटा तुकडा सरकवा आणि तोच मूळ स्वर वाजवा, मग स्पंज काढून तळहाताच्या कडेने तार हलकी दाबत वाजवा, मग पूर्ण मोकळा. स्वर एकच असला तरी तीन वेगळी गाणी ऐकू येतील. एकाच स्वरावर राहून स्नेअर या करकरीत आवाजाच्या ड्रमच्या ठोक्याच्या क्षणी तार मिटवली तर स्नेअर मोठा वाटू लागतो. ड्रमरला बाजूला घेऊन, गिटार आणि गायक नसताना, आठवड्यातून अर्धा तास एवढेच करत बसा. कोणीही वाजवू शकेल असे तुम्ही म्हणता ते काम चार आठवड्यांनीही तुम्हाला पुरते हाती आलेसे वाटणार नाही, आणि त्यातले अवघड काय आहे ते मग कोणी तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही.

तुमच्या दुखण्याला मात्र चार आठवडे देऊ नका. पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण माझा तर्क असा की तुम्ही बेस बराच खाली लोंबता ठेवता. हूक यांनी गुडघ्यांपर्यंत सोडलेला बेस प्रसिद्ध आहे आणि छायाचित्रांत तो फार देखणा दिसतो. परंतु बेस जितका खाली, तितके डावे मनगट आत दुमडते, आणि दुमडलेल्या मनगटाने बोटे पसरली की त्यातल्या स्नायुबंधांवर ताण येतो. बसून बेस मांडीवर घेतल्यावर तो ज्या उंचीवर असतो, उभ्यानेही साधारण त्याच उंचीवर येईल इतका पट्टा आखडा. उजव्या हाताचे दुखणे बहुतेक वेळा पिक घट्ट आवळल्यामुळे आणि कोपरापासून मारल्यामुळे होते. पिक थोडा जाड, एक मिलिमीटरच्या आसपासचा घेतला तर तो कमी वाकतो आणि हलक्या पकडीतही आघात स्पष्ट येतो. सगळेच आघात वरून खाली घेण्याचा हट्टही धरू नका. दोन्ही दिशांनी वाजवून सारखा आवाज काढण्याचा सराव संथ गतीने सुरू करा आणि एकसारख्या कणखर आघातांची खरी गरज असलेल्या जागांपुरती ताकद राखून ठेवा. दुखू लागले की थांबा, त्याच गाण्याची आणखी एक फेरी नको. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा विश्रांतीनंतरही दुखणे ओसरत नसेल, तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि जाताना बेस सोबत न्या, म्हणजे तुम्ही नेमके कसे वाजवता ते त्यांना दिसेल.

कानांचेही तसेच आहे. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली, तर प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, आणि 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. बंद खोलीतल्या तुमच्या तालमी दोन-दोन तास चालतात. चौघांनीही कानांत संगीतकारांसाठीचे प्लग घालावेत. खोलीतला आवाज थोडा कमी केला तर तुमचा बेस तुम्हाला अधिक स्पष्ट ऐकू येईल, ही आणखी एक सोय.

‘मी शिकलेली नाही, म्हणून मला सोपे काम देऊन बसवत आहेत,’ असे एक वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, जवळजवळ चोरून लिहिले आहे. मला वाटते सगळ्या पत्रात हेच वाक्य सर्वांत जड आहे. टीना वेमथ टॉकिंग हेड्समध्ये आल्या त्या बँडला बेसवादक मिळत नव्हता म्हणून, आणि बेस त्या त्यानंतर शिकल्या. जा वॉबल पब्लिक इमेज लिमिटेडमध्ये आले तेव्हा जवळजवळ नवशिके होते. ग्लासगोच्या फ्रँझ फर्डिनंडचे बॉब हार्डी चित्रकलेचे विद्यार्थी होते आणि बँडसाठीच बेस शिकले. पोस्ट-पंकमध्ये उशिरा आणि एकट्याने शिकलेला बेसवादक हा अपवाद नाही. ज्याच्या बोटांना आधीच्या सवयी नसतात तो कधी कधी असे काही वाजवतो जे शिकलेल्याला सुचत नाही, आणि तुमच्या पहिल्या दोन गाण्यांविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून तुमच्या बाबतीतही तेच घडलेले दिसते. सहकाऱ्यांना खरोखरच तुमच्याबद्दल तसे वाटते का, हे तुम्हाला माहीत नाही. विचारा. उत्तर ‘हो’ आले तर तो बेस वर की खाली वाजवायचा याचा प्रश्न राहणार नाही, आणि मग सोडून जाण्याचा विचार योग्य ठरेल.

सिंथेसायझरचा तोडगा मी वाईट मानत नाही, पण आता घेऊ नये असे मला वाटते. मिन्स्कहून पुढे आलेल्या मोल्चात दोमासारख्या बँडमध्ये सिंथेसायझर आणि बेस गिटार एकत्र नांदतात. तिथे ड्रम मशीन असल्यामुळे सगळी लय यंत्राच्या शिस्तीत आधीच बसलेली असते. तुमच्याकडे जिवंत ड्रमर आहे. खर्ज सिंथेसायझरवर दिला की तो कोणी तरी वाजवावा लागेल किंवा आधीच मुद्रित करून ठेवावा लागेल, आणि मुद्रित केला की ड्रमरला त्याच्या मागे धावावे लागेल. शिवाय वाद टाळण्यासाठी आणलेले वाद्य पुढे वादाचे कारण होते. वर सांगितलेले तीन प्रकार करून झाल्यावरही एखाद्या गाण्यात दोन्ही स्तर सतत हवे आहेत असे चौघांना वाटले, तर त्या एका गाण्यापुरते अवश्य आणा.

बोलणी करायला बसाल तेव्हा श्रेयाचा विषयही काढा. तुमच्या काही गाण्यांची सुरुवात तुमच्या बेसपासून झाली आणि कॉर्ड नंतर बसवल्या गेल्या, असे तुम्ही लिहिता, पण रचनाकार म्हणून नाव फक्त गिटारवादकाचे आणि गायकाचे जाते. जॉय डिव्हिजनची गाणी चौघांच्याही नावावर आहेत. मूळ स्वर वाजवायला सांगितल्याचा तुम्हाला इतका राग येतो त्याचे एक कारण हेही असू शकते की वरची सुरावट हीच तुमच्या वाट्याची एकमेव दिसणारी सही आहे. ती काढून घेतली तर बँडमध्ये तुमचे असे काही उरत नाही. नाव रीतसर लागले तर सुरावटीला इतके घट्ट धरून बसावे लागणार नाही. कोणत्या गाण्यात कोणाचा किती वाटा, हे एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या, आणि हे संबंध चांगले असतानाच करा. हूक 2007 मध्ये न्यू ऑर्डरमधून, म्हणजे जॉय डिव्हिजनच्याच उरलेल्या सदस्यांनी पुढे काढलेल्या बँडमधून, बाहेर पडले, 2011 मध्ये बाकीचे त्यांच्याशिवाय पुन्हा एकत्र आले, आणि पैशांचा व नावाचा वाद मिटायला 2017 उजाडले. जुन्या मित्रांमधला वाद इतका लांबला.

म्हणून माझे मत असे की आज बँड सोडू नका. पुढचे तीन महिने ठरवून घ्या. त्यात नवी गाणी आधी सांगितलेल्या तीन प्रकारांनी घासून पाहा, ड्रमरबरोबर बसा, हात बरे करा आणि श्रेयाचा कागद पुरा करा. तीन महिन्यांनी गिटारवादक ध्वनिमुद्रण ऐकायलाही तयार नसेल, स्वतःच्या खालच्या तारा सोडायला तयार नसेल आणि कागदाचे नाव काढताच विषय बदलत असेल, तर शांतपणे बाहेर पडा. डेंगलर 2010 मध्ये इंटरपोलमधून गेले, त्यांच्याशिवाय केलेला पहिला अल्बम 2014 मध्ये आला तेव्हा त्यावर बेस गायक पॉल बँक्स यांनीच वाजवला, आणि डेंगलर यांचे आधीचे काम जिथे होते तिथेच आहे. बाहेर पडण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नक्की करा: तुम्ही रचलेल्या प्रत्येक सुरावटीचे एकटीचे, कोरस न लावता केलेले ध्वनिमुद्रण तारीख लिहून स्वतःजवळ ठेवा. आणि राहायचे ठरले तरीही ते करून ठेवा; त्यातली एखादी सुरावट दोन वर्षांनी, तिसऱ्याच गाण्यात, तिसऱ्या फ्रेटवर बसेल.